टेलला पाणी पोहोचले, तरच कालवा चालला



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा आणि पाचट कुजवणे एवढेच लिहितो. तेच आमचे काम आहे आणि त्यासाठीच कारखाना आम्हाला पगार देतो. या खेपेस मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. त्याला कारण असे घडले.

गेल्या हंगामाच्या अखेरीस मिरजगावला एका हॉटेलात चहाला थांबलो होतो. टेबलावर आपलेच चार-पाच सभासद बसले होते. गोष्ट निघाली देशाच्या शिक्षणाची. एक जण म्हणाले, "सरकार पैसाच टाकत नाही, तर शिक्षण सुधारंल कसं?" दुसरे म्हणाले, "पैसा लई टाकतंय, पर मास्तर कुठं शिकवतेत?" तिसऱ्यांचे म्हणणे, पहिलीपासून इंग्रजी केल्याशिवाय तरणोपाय नाही. चौथ्यांनी संगणकावर भर दिला. शेवटी एका वडीलधाऱ्या सभासदांनी आमच्याकडे मान वळवली. "शेतकी साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. जपान म्हणू नका, फिनलंड म्हणू नका, लोक कुठल्या कुठं गेले. आपलं शिक्षण कशानं ताळ्यावर यायचं?"

आम्ही चहा संपवला आणि तोडीच्या कार्यक्रमाचे निमित्त करून उठलो. खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता जे सुचले आहे ते येथे मांडतो. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, कृषी पदविकाधारक माणूस आहोत, तेव्हा दाखलेही आमच्याच कामातले येतील. वाचकांनी ते गोड मानून घ्यावेत.

टेलचा शेतकरी

आपला कर्जत तालुका कुकडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडचा. येडगाव धरणातून निघालेले पाणी जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा ओलांडून आपल्याकडे येते आणि पुढे करमाळ्यात जाते. धरणातून किती पाणी सोडले याचे आकडे पेपरात येतात. वरच्या अंगाला पाट दुथडी वाहतो. आणि आपल्याकडे बायाबापड्या चारीच्या तोंडाशी उभ्या राहून वाट पाहतात. म्हणूनच 'टेल टू हेड', म्हणजे आधी शेवटच्याला पाणी आणि मग वरच्यांना, हा नियम पाटबंधारे खात्याने केला. तो पाळला जातो की नाही, हे आपल्याला दरसाल कळतेच. पण नियम बरोबर आहे. कारण टेलला पाणी पोहोचले तर वरच्याला मिळालेच असणार. वरच्याला मिळाले म्हणून टेलला पोहोचले असे मात्र होत नाही.

देशाच्या शिक्षणाचेही असेच आहे, असे आमचे मत झाले आहे. किती आयआयटी निघाल्या, किती पोरे अमेरिकेला गेली, दहावीला किती जणांना नव्वद टक्क्यांवर गुण पडले, हे सगळे धरणाच्या दारापाशी मोजलेले पाणी. त्याचा अभिमान जरूर असावा. पण व्यवस्था चालली की नाही, हे मोजायचे तर शेवटच्या चारीवर जाऊन उभे राहावे लागते.

फिनलंडचे नाव त्या दिवशी निघाले म्हणून सांगतो. त्या देशाने १९७२ साली सर्व मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा सुरू केली, ती राजधानीपासून नव्हे. सुरुवात झाली उत्तरेकडच्या लॅपलँडमधून, जिथे वस्ती विरळ, थंडी कडाक्याची आणि सोयी कमी. तिथून दक्षिणेकडे सरकत १९७७ साली ती राजधानी हेलसिंकीच्या परिसरात पोहोचली. म्हणजे टेल टू हेडच झाले म्हणायचे. पुढे १९७९ पासून त्यांनी प्राथमिकच्या शिक्षकालाही पदव्युत्तर शिक्षण आवश्यक केले. लोक त्यांच्या निकालाचे कौतुक करतात, पण पाणी कोणत्या बाजूने सोडले याची चर्चा कोणी करीत नाही.

ही मागणी आपल्याच मातीतली

परदेशाचा दाखला कशाला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी सांगून झाली आहे आणि तिची मुळे आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात. मिस फॅरार यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही नगरच्या याच फॅरारबाईंकडे. याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पाणी वरच मुरते आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी कायदेमंडळात विधेयक मांडले, पण ते नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९५० साली राज्यघटना अमलात आली. तीत दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करू असे लिहिले गेले. तो हक्क प्रत्यक्ष कायद्याने मिळाला १ एप्रिल २०१० रोजी. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे झाली. आपल्याकडे पाण्याच्या आवर्तनाला उशीर झाला की आपण तहसीलवर मोर्चा नेतो. या आवर्तनाला सव्वाशे वर्षे लागली, तरी फारसे कोणी उठले नाही.

मधल्या काळात वाट पाहत बसला नाही तो कर्मवीर भाऊराव पाटलांसारखा माणूस. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले आणि कमवा व शिका ही रीत घालून दिली. त्यांच्याच संस्थेचे दादा पाटील महाविद्यालय १९६४ पासून आपल्या कर्जतमध्ये आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्याच दारातून बाहेर पडला. सहकारी साखर कारखानदारीनेही हा वसा घेतला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला, त्या मागोमाग त्या परिसरात शाळा-महाविद्यालये आली. पुढे अनेक कारखान्यांच्या सभासदांनी ऊसबिलातून टनामागे थोडी कपात सोसून शिक्षणसंस्था उभारल्या. तेव्हा कारखान्याने शिक्षणात का पडावे, हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

टन आणि उतारा

आता शाळा बहुतेक गावांत आहेत. कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक आणि तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा हवी. शाळेत खिचडी मिळते, पुस्तके मिळतात. पटावर नावेही आहेत. मग अडले कुठे?

सभासद बंधूंना हे सांगायला नको, की गव्हाणीत किती टन ऊस पडला यावर कारखाना चालत नाही, उतारा किती पडला यावर चालतो. नुसते टन मोजले तर बांडगुळासकट ऊस येतो. शाळेचा पट म्हणजे टन. मूल वाचायला, हिशेब करायला शिकले का, हा उतारा. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशातल्या खेड्यांत घरोघर जाऊन हेच मोजते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ जणांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत गेलेल्यांतही तो मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्याहून थोडी कमीच भरली. म्हणजे पट भरला आहे आणि उतारा पडत नाही.

आमच्या धंद्यात नांग्या भरणे म्हणून एक काम असते. लागण केल्यावर महिनाभरात शेतात फिरून, जिथे उगवण झाली नाही तिथे रोप लावावे लागते. महिनाभरात लावले तर ते बाकीच्यांबरोबर येते. दोन-अडीच महिन्यांनी लावले तर आजूबाजूचा ऊस वर गेलेला असतो, नवे रोप सावलीत राहते आणि शेवटी त्याचे टिपरूही होत नाही. मग शेतकरी म्हणतो, नांगी भरली होती, पण रोपच नामी नव्हते. रोप नामी होते, वेळ चुकली.

पहिली, दुसरी, तिसरी ही नांग्या भरण्याची वेळ. तिथे वाचायला न आलेले मूल चौथीत गेले की भूगोलही वाचू शकत नाही आणि परिसर अभ्यासही नाही. ते गप्प बसायला शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे ओळखले आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि साधा हिशेब करता यावा यासाठी २०२१ साली 'निपुण भारत' मोहीम निघाली. जमेल तिथे पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेत शिकवावे, असेही त्याच धोरणात आहे. आम्हाला हे दोन्ही पटते. पण साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याचे प्रमाण. पाच वर्ग आणि दोन शिक्षक, त्यातले एक जण माहिती भरण्यात आणि बैठकीत गुंतलेले असले, तर नांग्या भरायच्या कोणी? मास्तर शिकवत नाहीत असे म्हणणाऱ्या सभासदांनी एकदा आपल्या गावच्या शाळेत सकाळी अकरा ते चार बसून पाहावे. आम्ही बसलो आहोत. शिकवणारे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांचा वेळ त्यांच्या हातात नाही.

पैशाचे म्हणाल तर कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सांगितले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. २०२० च्या धोरणात पुन्हा तोच सहा टक्क्यांचा आकडा आला. पन्नासहून अधिक वर्षांनी तोच आकडा पुन्हा लिहावा लागतो, यात सगळे आले. त्याच आयोगाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. वस्तीतल्या सगळ्यांची मुले, पाटलाची आणि सालगड्याची, एकाच जवळच्या शाळेत शिकावीत. ही सूचना पैशावाचून अडली नाही, ती आपल्यावाचून अडली.

येथे आमचाही कबुलीजबाब देतो. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात जातो. सकाळी पिवळी बस दारात येते. आम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पण मुलाला तिथे घातले नाही. कोणत्याही बापाला यासाठी दोष देता येणार नाही, हे खरे. पण परिणाम काय झाला तो पाहावा. गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांची मुले शाळेतून निघाली आणि शाळेकडे पाहणाऱ्यांची नजरही तिथून निघाली. ज्याची विहीर भरलेली आहे तो टेलच्या पाण्यासाठी भांडायला येत नाही.

आमची सही

आता मुख्य गोष्ट. हिच्यामुळेच हा लेख लिहायला बसलो.

दोन हंगामांपूर्वी भीमाकाठच्या एका गटात तोड पाहायला गेलो होतो. टोळी आष्टीकडची. बांधावर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कडेवर लहान भाऊ घेऊन उभी होती आणि वडिलांना वजनाच्या पावत्या वाचून दाखवीत होती. वाचून झाल्यावर तिने मुकादमाची वही मागितली, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाली, "आप्पा, परवाची एक खेप हितं लिवलीच न्हाय." मुकादमाने वही पाहिली. खेप खरेच राहिली होती. त्याने ती लिहून घेतली. बाप नुसता हसला. ती एक खेप म्हणजे त्या जोडप्याच्या अंगावरच्या उचलीतले किती रुपये, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आम्ही विचारले, "कितवीला आहेस, बाळ?"

"चवथीला. गावाकडं."

"मग इथल्या शाळेत का जात नाहीस?"

"हितं माझं नावच न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला आणि टोळीतल्या आणखी तिघांना घेऊन गावच्या शाळेत गेलो. शाळेतल्या बाईंनी दाखला मागितला नाही, काही नाही. वर्गात बसवले, पुस्तके दिली. कायद्यातही तसेच आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे असते आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे तर स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. धाकट्या भावाला आम्ही अंगणवाडीत बसवले. आम्हाला फार बरे वाटले. घरी जाऊन मंडळींना सांगितलेही.

अकराव्या दिवशी ती टोळी तीस किलोमीटरवरच्या गटात हलली. तोडीचा कार्यक्रमच तसा होता. कार्यक्रमावर सही आमची होती.

पंधरवड्याने त्या नव्या फडात गेलो, तर मुलगी पुन्हा भाऊ कडेवर घेऊन उभी. तिथली शाळा दोन किलोमीटरवर होती. विचारले तर म्हणाली, "तितं पुन्हा नवीन, साहेब. आता पाडव्याला गावाकडंच जाऊ." हे म्हणताना तिची काही तक्रार नव्हती. तिने आपल्यापुरता हिशेब मिटवला होता.

बंधूंनो, सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९० नंतर स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. आईबापांबरोबर मूल येऊच नये, गावीच राहून आपल्या शाळेत शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. आमच्या मते हाच सर्वात चांगला मार्ग. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डे निघाली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. अंगणवाडी तर १९७५ पासून आहे. कागदावर पाहिले तर पाट अगदी फडापर्यंत खोदलेला आहे. पण मूल आष्टी, पाथर्डी, जामखेडच्या शाळेच्या पटावर असते आणि राहते आपल्या बांधावरच्या कोपीत. तिथला शिक्षक म्हणतो, मूल गावात नाही. इथला म्हणतो, मूल आमच्या पटावर नाही. दोघेही खरे बोलतात. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत शाळेचे निम्मे वर्ष जाते, आणि त्या निम्म्या वर्षात त्या मुलाला विचारणारा कोणीही नसतो.

विचारणारा कोणी नाही, असे आम्हीही त्या दिवसापर्यंत म्हणत होतो. पण विचार करा. टोळीत किती कोयते, उचल किती, कोणत्या फडात कोणत्या तारखेला, कोणाच्या खेपा किती, हे सगळे कोणाला ठाऊक असते? शिक्षण खात्याला नाही, ग्रामपंचायतीला नाही. आपल्या चिटबॉयला आणि आम्हाला असते. देशाच्या शिक्षणाची शेवटची चारी आमच्याच वहीतून जाते आणि त्या वहीत मुलांचा रकानाच नाही.

सभासदांचे आक्षेप

हे बोललो की सभासद काय म्हणतात ते आम्ही ऐकले आहे. पहिला आक्षेप, "कोयता मिळंना झालाय आणि तुम्ही शाळंचं काढलं." उत्तर असे, की जिथे लेकरांची सोय होते तिथे टोळी पुढच्या सालीही येते, हे कोणताही मुकादम सांगेल. दुसरा आक्षेप, "त्यांची पोरं, त्यांनी बघावं." मग आपल्या टोळीतल्या बाईने पहाटे चारला उठून आपला ऊस का तोडावा? उसाच्या भावासाठी आपण दिल्लीपर्यंत भांडतो, तेव्हा शेतकऱ्याच्या घामाचे मोल सांगतो. त्या घामात तिचाही वाटा आहे. तिसरा आक्षेप जरा शहाणपणाचा. "आता हार्वेस्टर आलेत, दहा वर्षांत तोड करायला माणूस लागणार नाही." हे खरे होवो वा न होवो, झाले तर या मुलांचे काय? यंत्र आले की हातातला कोयता जाईल. वाचता येत असेल तर ती मुले त्या यंत्रावर बसतील. नाही तर शहराच्या नाक्यावर मजुरीला उभी राहतील. यंत्र येणार म्हणून तर घाई आहे.

काय करता येईल

आमच्या हातातल्या, कारखान्याला आणि सभासदांना झेपतील अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली. टोळी उतरली की चिटबॉयने कोयत्यांबरोबर तीन ते चौदा वर्षांची मुलेही लिहून घ्यावीत. नाव, मूळ गाव, इयत्ता. पहिल्या आठवड्यात ती यादी केंद्रप्रमुखांकडे आणि अंगणवाडीताईंकडे जावी. याला पैसा लागत नाही, रकाना लागतो.

दुसरी. ज्या टोळीत शाळेची मुले जास्त, ती डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत एकाच मुक्कामी ठेवून तीन-चार गावांचा एक गट तिला द्यावा. लांबच्या फडाला टोळीची ट्रॅक्टरने ने-आण करावी. यासाठी लागणीच्या तारखेचा क्रम काही ठिकाणी चार-आठ दिवस पुढेमागे होईल. थंडीच्या दिवसांत एवढ्याने उसाचे फारसे बिघडत नाही. मार्चनंतर मात्र उन्हाने वजन घटते, तेव्हा हा नियम सैल ठेवावा लागेल. डिझेलचा खर्च वाढेल, हेही लपवत नाही. या एका बाबतीत सभासदांनी आमच्या टेबलावर येऊन भांडू नये, एवढी सवलत आम्हाला हवी.

तिसरी. धाकट्या भावंडाची सोय. मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर भाऊ असतो. अंगणवाडी दूर असेल तर तळावरच एका बाईला टोळीने आणि कारखान्याने मिळून मानधन द्यावे आणि लहान मुले सांभाळावीत. हे झाले नाही तर बाकीचे सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

चौथी. सभासदांनी आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे पुन्हा वळावे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ज्यांची मुले तिथे नाहीत त्यांना मत नसेल, पण बैठकीला जाऊन शिक्षकांचे अडते कुठे हे विचारायला कोणाची मनाई नाही. हंगामात जी नवी मुले येतील त्यांना वाचायला बसवायला गावातले कॉलेजचे पोर संध्याकाळी तासभर द्यायला तयार असते. त्याला सांगणारा माणूस हवा. गाव करील ते राव काय करील, हे आपणच म्हणतो.

या चार गोष्टींनी देशाचे शिक्षण सुधारेल का? नाही. त्याला शिक्षकांची पुरेशी भरती, त्यांचे चांगले प्रशिक्षण, सहा टक्के पैसा आणि तो वेळेवर पोहोचवणारे सरकार लागेलच. त्यासाठी भांडणे थांबवू नये. पण वरून पाणी सुटले आणि आपल्या चारीचे तोंडच बुजलेले असले, तर दोष कालव्याला देता येणार नाही.

मिरजगावच्या त्या वडीलधाऱ्या सभासदांना उत्तर द्यायचे राहिले होते. दादा, जो देश आपल्या शाळेचा हिशेब शेवटच्या मुलापासून मांडतो, त्याचे शिक्षण ताळ्यावर येते. आणि त्या शेवटच्या मुलाचे नाव कोणाच्या तरी वहीत लिहिलेले असावे लागते.

ती मुलगी पुढच्या हंगामात आपल्याकडे आली नाही. टोळी दुसरीकडे गेली. ती पाचवीत आहे की फडात, आम्हाला माहीत नाही. पावती वाचणारे, वही तपासणारे ते डोके वाया जाऊ नये असे मनापासून वाटते.

असो. येत्या हंगामात बॉयलर पेटेल, मोळी पडेल, टोळ्या उतरतील. आपल्या फडात टोळी आली की उसाची चौकशी आपण करालच. त्याबरोबर टोळीत मुले किती आहेत हेही विचारावे आणि चिटबॉयच्या वहीत लिहून घ्यायला सांगावे. या वर्षी आम्ही त्या वहीत तो रकाना आखून घेतला आहे. तो रिकामा राहू नये, एवढीच सर्व सभासदांना नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी